रेशनकार्ड बघणं हेही क्लिनिकल कामच आहे

दरवर्षी पावसाळ्यात एमएसडब्ल्यूची, म्हणजे सोशल वर्कच्या पदव्युत्तर पदवीची, नवीन बॅच हॉस्पिटलमधल्या आमच्या सोशल वर्क डिपार्टमेंटला फिल्डवर्कला येते आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुणीतरी एकजण धीर करून विचारतंच, मॅडम आम्हाला क्लिनिकल काम कधी मिळणार? म्हणजे त्यांना म्हणायचं असतं की रेशनकार्ड पिवळं आहे की केशरी ते बघा, तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला आणायला सांगा, योजनेच्या काउंटरला पाठवा, हे सगळं ठीक आहे, पण काउन्सेलिंग, थेरपी, सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची एक थेरपी) असं जे वर्गात ऐकलं ते कधी करायचं. प्रश्न प्रामाणिक असतो, मुलं खरंच शिकायला आलेली असतात, त्यामुळे मला त्याचा राग येत नाही. पण कागदपत्रं म्हणजे खालचं काम आणि मनाचं काम म्हणजे वरचं काम, ही जी विभागणी त्यामागे आहे ती मला अजिबात मान्य नाही, आणि आज त्यावरच जरा सविस्तर लिहायचंय.

आमच्या पोस्टचं सरकारी नाव समाजसेवा अधीक्षक. वॉर्डात सगळे 'सोशल वर्कर मॅडम' म्हणतात आणि नव्वद टक्के वेळा हाक मारतात ती बिलासाठी. पैसे कमी पडले, योजनेत बसत नाही, नातेवाईक सोडून गेले, की मॅडमला बोलवा. यातलं काहीच नवीन नाहीये बरं का. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये १८९५ साली मेरी स्ट्युअर्ट नावाच्या बाईंना 'लेडी आल्मनर' म्हणून नेमलं, हॉस्पिटलमधल्या सोशल वर्कची सुरुवात तिथून धरतात, आणि त्यांचं मूळ काम काय होतं, तर फुकट उपचार घ्यायला आलेल्यांपैकी खरंच गरीब कोण आणि पैसे देऊ शकणारं कोण हे तपासणं. म्हणजे आपण आज ज्याला कंटाळतो त्याच कामातून हा पेशा जन्माला आलाय. मग १९०५ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी सोशल सर्व्हिस सुरू केली, ती वेगळ्या कारणानं. त्यांच्या लक्षात आलं की आपण पेशंटला विश्रांती घ्या, चांगलं खा, मोकळ्या हवेत राहा असं सांगतोय आणि त्याच्या घरी यातलं एकही शक्य नाहीये, मग आपल्या प्रिस्क्रिप्शनला अर्थ काय. घरची परिस्थिती कळल्याशिवाय आजार कळत नाही हा विचार तिथून रुजला, आणि आयडा कॅननसारख्या बाईंनी पुढे कितीतरी वर्षं ते डिपार्टमेंट उभं केलं.

आपल्याकडे क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचे अमेरिकन मिशनरी मुंबईत नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते, त्यातून १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क निघालं, तेच आजचं टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. लगेच पुढच्या वर्षी त्यांनी चाइल्ड गायडन्स क्लिनिक काढलं, आणि १९४६ मध्ये जे. जे. हॉस्पिटलला पहिली मेडिकल सोशल वर्कर नेमली गेली. नंतर १९५५ ला निर्मला निकेतन, नागपुरात १९५८ ला मातृसेवा संघाची संस्था, पुण्यात १९६३ ला कर्वे इन्स्टिट्यूट, ही सगळी सोशल वर्क शिकवणारी कॉलेजं. हे सांगायचं कारण एवढंच की आपल्याकडे हे शिक्षण पहिल्यापासून वस्ती आणि दवाखाना दोन्हीकडे पाय रोवून उभं राहिलंय. बंद खोलीत दोन खुर्च्या टाकून पन्नास मिनिटांचं सेशन घेणं हे त्यात नंतर आलं. तेही चांगलंच आहे, पण तेवढंच म्हणजे क्लिनिकल असं कुणी धरून चाललं तर मुलांचं नुकसान होतं.

आता एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय. किडनीचा पेशंट, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि फाइलवर डॉक्टरांनी लिहिलेलं 'नॉन-कम्प्लायंट', म्हणजे सांगितलेले उपचार न पाळणारा, कारण महिन्यातून दोन-तीन वेळा गडी येतच नाही. डॉक्टरांनी आम्हाला रेफर केलं की याला समजावून सांगा, याला आजाराचं गांभीर्य नाही. दुसऱ्या वर्षाची एक मुलगी होती तेव्हा फिल्डवर्कला, खेड्यातली, शांत, वर्गात फारशी न बोलणारी. तिनं गांभीर्य वगैरे काहीच समजावलं नाही. तिनं विचारलं, काका तुमचा नंबर सकाळी सातचा असतो, मग तुम्ही आदल्या रात्रीच येता का? झोपता कुठे?

ही मुलगी एसटीनं कॉलेजला येणारी, तिला माहिती की त्या रूटवरची पहिली गाडी शहरात पोचायलाच नऊ वाजतात. काका म्हणाले, इथंच, ओपीडीच्या व्हरांड्यात, कधी वॉचमन उठवतो मग स्टँडवर जातो. बायको सोबत येते, एकट्याला जिना चढवत नाही, म्हणजे तिचे दोन दिवस मजुरीचे बुडतात, आठवड्यातून दोनदा, म्हणजे झालेच की चार दिवस. मग कधी कधी तो मुद्दामच सांगतो की आज बरं वाटतंय, नको जायला. आणि मग जरा थांबून म्हणाला, मी नसलो तर तिची मजुरी तरी बुडणार नाही.

आता सांगा, हे वाक्य कुठल्या खात्यात टाकायचं? काउन्सेलिंगच्या की एसटीच्या वेळापत्रकाच्या? मरणाचा विचार त्या माणसाच्या मनात आलेला आहे आणि तो बाहेर आला तो गाडीची वेळ विचारल्यावर. 'तुम्हाला उदास वाटतं का' असं फॉर्म बघून विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता आणि आपण नाही असं लिहून मोकळे झालो असतो. त्या मुलीनं दोन्ही गोष्टी एकत्र हातात घेतल्या. त्या वाक्यापाशी थांबली, घाबरून विषय बदलला नाही, असा विचार किती वेळा येतो, काही करावंसं वाटतं का, बायकोला माहितीये का, हे सरळ सरळ विचारलं, त्याच दिवशी मला आणि डॉक्टरांना सांगितलं, सायकियाट्रीला दाखवलं. आणि त्याच आठवड्यात डायलिसिसच्या इन्चार्ज सिस्टरांच्या मागे लागून अकराचा स्लॉट मिळवला, जो की सोपा नव्हता, एक पेशंट हलवला की चार हलतात. बायकोशी वेगळं बोलली. फाइलवरचा 'नॉन-कम्प्लायंट' शिक्का खोडायला डॉक्टरांना भाग पाडलं, तेही नीट कारण लिहून. मला विचाराल तर क्लिनिकल सोशल वर्कच्या शिक्षणाचा उद्देश हाच आहे, की माणूस आणि त्याची परिस्थिती एकाच नजरेत दिसायला लागावी. पुस्तकात त्याला 'पर्सन इन सिच्युएशन' म्हणतात, परीक्षेत पाच मार्काला येतं.

आणि ही नजर लेक्चरनं येत नाही, ती फिल्डवर्कमध्ये येते, आणि नुसत्या फिल्डवर्कनंही नाही तर रेकॉर्डिंग आणि आयसीमधून येते. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, रेकॉर्डिंग म्हणजे पेशंटशी काय बोलणं झालं ते विद्यार्थ्यानं नंतर लिहून काढायचं, आणि आयसी म्हणजे इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्स, आठवड्यातून एकदा सुपरवायझर एकेका विद्यार्थ्याबरोबर बसतो आणि त्याने काय केलं, काय बोलला, का बोलला हे उलगडत जातो. आमच्या शिक्षणातली सगळ्यात मौल्यवान गोष्ट मला विचाराल तर ही आहे. मागे एका मुलाच्या रेकॉर्डिंगमध्ये लिहिलेलं, "पेशंटचे समुपदेशन करण्यात आले." बास, एक ओळ. मी विचारलं, समुपदेशन म्हणजे तू नेमकं काय बोललास रे?

"मॅडम, म्हटलं टेन्शन घेऊ नका, सगळं नीट होईल."

"ते काय म्हणाले?"

"हो म्हणाले."

"मग?"

"मग मी पुढच्या बेडकडे गेलो."

कॅन्सरचा पेशंट होता तो. मी त्याला रागावले नाही, विचारलं की टेन्शन घेऊ नका म्हणताना तुला स्वतःला काय होत होतं. खूप वेळ गप्प बसला आणि म्हणाला, भीती वाटत होती की ते रडले तर मी काय करू. झालं, इथून शिकणं सुरू होतं. 'टेन्शन घेऊ नका' हे आपण पेशंटसाठी बोलत नसतो, आपल्यासाठी बोलत असतो, त्याचं तोंड बंद व्हावं म्हणून. पुढच्या आठवड्यात त्याचं रेकॉर्डिंग चांगलं चार-पाच पानी आलं, ते काय म्हणाले, मी काय म्हणालो, मध्ये कोण आलं, आणि एका ठिकाणी लिहिलेलं, 'इथे ते रडले. मला काही सुचलं नाही म्हणून मी नुसता बसून राहिलो.' त्या वाक्याखाली मी रेघ मारली आणि त्याला म्हटलं हे बसून राहणं फार चांगलं केलंस.

आता कधी कधी चॅटजीपीटीनं लिहिलेली रेकॉर्डिंग येतात, सगळी एकदम स्वच्छ, पेशंट अगदी ओळीनं भावना व्यक्त करतोय, वर्कर अगदी ओळीनं समजून घेतोय. त्यात सिस्टर सलाईन बदलायला आलेली नसते, शेजारच्या बेडवरची म्हातारी मध्ये बोललेली नसते. लगेच कळतं. मुलांना मी एवढंच सांगते की अशानं माझं नाही तुमचं शिकणं बुडतं.

मूल्यांबद्दल बोलायचं तर एमएसडब्ल्यू केलेल्या प्रत्येकाला बिस्टेकची सात तत्त्वं तोंडपाठ असतात, स्वीकार, गोपनीयता, स्वयंनिर्णय, कुणाबद्दल न्यायनिवाडा न करणं वगैरे. १९५७ मध्ये त्या अमेरिकन धर्मगुरूनं ती मांडली आणि आजही पहिल्या सेमिस्टरला तीच शिकवतात, शिकवावीतच, पण आपल्या वॉर्डात ती पाळायची कशी हे फिल्डमध्येच बसून शिकवावं लागतं. गोपनीयता घ्या. चाळीस बेडचा जनरल वॉर्ड, दोन बेडच्या मध्ये धड स्टूल बसत नाही, सासू पायथ्याशी बसलेली, आणि सुनेला विचारायचंय की भाजलं कसं. 'स्टोव्हचा भडका उडाला' एवढंच ती सांगणार ना सासूसमोर. मग मुलांना शिकवावं लागतं की आधी सासूला काहीतरी काम काढून काउंटरला पाठव, ड्रेसिंगच्या वेळी नातेवाईक बाहेर असतात तेव्हा सिस्टरांशी बोलून आत जा, हळू आवाजात बोल, आणि ती नाही म्हणाली तर नाही, उद्या परत जा. गोपनीयता हे तत्त्व खरंय, पण वॉर्डात तिच्यासाठी जागा आणि वेळ आपल्यालाच शोधावी लागते.

आणि तिला मर्यादाही आहेत, त्या न सांगणं म्हणजे फसवणूक. सतरा वर्षांची मुलगी गरोदर म्हणून आली, घाबरलेली, म्हणते ताई कुणाला सांगू नका ना. पॉक्सो, म्हणजे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यानं, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, सुटका नाही. नवीन मुलं इथे दोन टोकांना जातात, एक तर 'नाही सांगत' असं वचन देऊन बसतात, नाहीतर लगेच उठून पोलीस चौकीकडे पळतात. शिकवायचं हे असतं की बोलणं सुरू व्हायच्या आधीच सांग, की बाळा तू सांगशील ते मी इकडे तिकडे बोलणार नाही, पण काही गोष्टी अशा आहेत की ज्या मला कळवाव्याच लागतात, आणि कळवायची वेळ आली तर आधी तुला सांगून कळवेन, तुझ्यासोबत थांबेन. मग तिनं ठरवावं किती बोलायचं.

सगळ्यात अवघड स्वयंनिर्णय. कीटकनाशक प्यालेली बाई, पंचविशीची, वाचली. नवरा मारतो हे तिनं सांगितलंय. आमची विद्यार्थिनी दोन दिवस झोपली नाही, तिचं एकच म्हणणं, हिला घरी पाठवायचं नाही, सखी सेंटरला (हिंसा सोसलेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) न्यायचं. आणि ती बाई म्हणते मला घरी जायचंय, माझी पोरं तिथं आहेत. विद्यार्थिनी मला म्हणाली, मॅडम हिला काही कळत नाही. मी म्हटलं तिला सगळं कळतं, तुझ्यापेक्षा जास्त कळतं, त्या घरात ती राहिलीये. आपलं काम तिला आपल्या मनासारखं वागायला लावणं नाहीये आणि 'तुमची इच्छा' म्हणून हात झटकणंही नाहीये. मग त्या दोघींनी बसून ठरवलं, घरी गेलीस तर कुठल्या वेळी धोका जास्त असतो, शेजारी कुणाचं दार ठोठावता येईल, फवारणीचं औषध घरात कुठे असतं आणि ते कुठे हलवता येईल, आधारकार्ड आणि पोरांचे दाखले कुणाकडे ठेवायचे, १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर कसा लक्षात ठेवायचा, संरक्षण अधिकारी कुठे बसतात, पुढची फॉलोअपची तारीख कधी म्हणजे घरातून बाहेर पडायला कारण मिळेल. तिला हेही सांगितलं की पोलीस जबाब घेतील पण घाबरायचं नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. नवऱ्यानं तिला भीती घातली होती की तुलाच आत टाकतील. मुंबईत भाभा हॉस्पिटलमध्ये महापालिका आणि सेहत ही संस्था यांनी मिळून हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र काढलं त्याला आता दोन दशकांवर काळ लोटला, हिंसा हा आरोग्याचा प्रश्न आहे हे तिथं आपल्या सरकारी व्यवस्थेच्या आत राहून करून दाखवलंय, आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक बॅचला मी त्या कामाबद्दल सांगतेच.

एक लहान वाटणारी गोष्ट, पण दरवर्षी येते. मुलं स्वतःच्या खिशातले पैसे देतात. शंभर, दोनशे, स्वतःचे हाल करून. मन चांगलं असतं हो, पण मी थांबवते. कारण उद्या तो पेशंट तुमच्याशी खरं बोलणार नाही, तो मिंधा झाला, आणि परवा तुम्ही नसताना त्याचं काय? दोनशे रुपये देणं सोपं आहे, धर्मादाय हॉस्पिटलमधल्या राखीव खाटांसाठी अर्ज लावून धरणं, मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत नाव का बसत नाही ते आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या हॉस्पिटलमधल्या माणसाला, तीनदा विचारणं, हे कठीण आहे, आणि पेशंटचा हक्क त्यात आहे. ज्याला हक्क मिळतो तो मान ताठ ठेवून बोलतो, आणि असं बोलणारा माणूस बरा लवकर होतो की नाही हे मला नाही माहीत पण औषध विचारून घेतो, डॉक्टरला प्रश्न विचारतो, हे मी रोज बघते.

महाराष्ट्रात एमएसडब्ल्यूला येणारी कितीतरी मुलं घरातली पहिली पदवीधर असतात, वस्त्यांतून, पाड्यांवरून, ऊसतोड कामगारांच्या घरातून आलेली. इंग्रजी रीडिंग्ज बघून ती दबून जातात, शहरातल्या मुलांसमोर गप्प बसतात. आणि वॉर्डात गेल्यावर हीच मुलं सरस ठरतात, कारण त्यांना पेशंटच्या बोलण्यातलं न बोललेलं कळतं. शिक्षणानं त्यांना हे सांगायला हवं की तुझं जगणं हे तुझं ज्ञान आहे, आणि सोबत हेही, की ते तुझंच जगणं आहे, पेशंटचं वेगळं असू शकतं. दारू पिणाऱ्या बापाच्या घरातून आलेला मुलगा डीॲडिक्शन वॉर्डात पेशंटकडे रागानं बघतो तेव्हा त्याला शिक्षा नको असते, कुणीतरी आयसीमध्ये तासभर त्याचं ऐकायला हवं असतं. जी सहानुभूती त्यानं पेशंटला द्यावी असं आपण म्हणतो ती त्याला आधी कुणीतरी दिली पाहिजे ना.

आणि इथेच मला खरंच काळजी वाटते. काही कॉलेजांमधून मुलं येतात, त्यांचे फॅकल्टी सुपरवायझर वर्षभरात एकदाही हॉस्पिटलची पायरी चढत नाहीत, सत्र संपताना जर्नलवर एकगठ्ठा सह्या होतात, आयसी कागदावर. पंचवीस मुलं एका हॉस्पिटलला पाठवतात, इथे आम्ही दोघं-तिघं, कसं शिकवणार. मुलांच्या फिया तर पूर्ण घेतलेल्या असतात.

त्यात कायद्याचा भाग. मानसिक आरोग्य कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला, त्यात सायकियाट्रिक सोशल वर्करची व्याख्याच अशी आहे की सोशल वर्कमध्ये पदव्युत्तर पदवी आणि त्यावर दोन वर्षं पूर्णवेळ एम.फिल., ज्यात देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण असलं पाहिजे. बंगळुरूचं निमहान्स, रांचीचं सीआयपी अशा मानसिक आरोग्याच्या संस्थांमध्ये हे होतं. मग नवीन शैक्षणिक धोरणात एम.फिल.च बंद, यूजीसीनं फक्त क्लिनिकल सायकॉलॉजी आणि सायकियाट्रिक सोशल वर्क या दोनांना २०२५-२६ पर्यंत मुदत वाढवून दिली. दुसरीकडे २०२१ च्या अलाइड हेल्थकेअर कायद्यात क्लिनिकल, मेडिकल, सायकियाट्रिक सोशल वर्कर ही नावं आली, ही मोठी गोष्ट आहे, इतकी वर्षं आम्हाला कुठलं कौन्सिलच नव्हतं. एम.फिल.च्या जागी जे काही येईल त्याचं नाव काहीही ठेवा, माझं म्हणणं एकच, ती वॉर्डातली देखरेखीखालची दोन वर्षं कापू नका. ऑनलाइन डिप्लोमा, वीकेंडचं सर्टिफिकेट यातून माहिती मिळते, पण रडणाऱ्या माणसाजवळ बसून राहायला येत नाही.

ज्यांना यंदा ॲडमिशन घ्यायचीये त्यांच्यासाठी, कॉलेजची बिल्डिंग आणि प्लेसमेंटचे आकडे बघण्याआधी तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना गाठा आणि विचारा, तुमचे सर-मॅडम एजन्सीला, म्हणजे फिल्डवर्कच्या ठिकाणी, येतात का, आयसी दर आठवड्याला खरंच होते का, रेकॉर्डिंग वाचून परत देतात का आणि त्यावर काही लिहिलेलं असतं का. एखाद्याकडे जुनं जर्नल असेल तर पेशंटचा मजकूर न बघता नुसता समास बघायला मागा. समासात शाईनं लिहिलेले प्रश्न दिसले तर तिथे ॲडमिशन घ्या. कुणाला हॉस्पिटल सेटिंगबद्दल अजून काही विचारायचं असेल तर खाली लिहा, उत्तर द्यायला उशीर होईल पण देईन नक्की.